जुनी डिझेल पिकअप : गोव्यातील घरगुती देखभाल व जतन

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण येण्यापूर्वीच्या, यांत्रिक इंधनपंपावर चालणाऱ्या डिझेल पिकअप गाड्या घरच्या अंगणात मोजक्या हत्यारांनिशी चालत्या आणि मूळ रूपात ठेवण्याची रीत. गोव्यात अशा गाड्यांमध्ये टाटामोबाइल (१९८८ पासून), तिच्या मागून आलेली टाटा २०७ आणि महिंद्राच्या पिकअप व कॅम्पर गाड्या प्रामुख्याने दिसतात. बागायतीतून नारळ-सुपारी आणणे, जेटीवरून मासळी वाहणे, चिरे आणि मंडपाचे सामान पोहोचवणे ही त्यांची नेहमीची कामे.

ही इंजिने दणकट असतात. लाईनर-पिस्टन बदलून तीच पुन्हा वर्षानुवर्षे चालतात. गोव्यात गाडी मोडीत निघते ती बहुधा चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) आणि पत्रा गेल्यामुळे. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि किनारपट्टीवर बारमाही खारा वारा. त्यामुळे येथील देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरवर कमी आणि पावसावर अधिक अवलंबून असते. गंजाची आणि रंगाची कामे एप्रिल-मेमध्ये, मिरगाआधी उरकायची. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की ब्रेक उघडायचे आणि गाडी खालून धुऊन घ्यायची. मासळीच्या गाड्या १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत रिकाम्या असतात, म्हणून मालक रंगकाम तेव्हा काढतात. हे चुकीचे आहे. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना लावलेल्या प्रायमरखाली ओल अडकते आणि पुढच्या वर्षी रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्या दोन महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग यांची कामे करावीत.

गंज : सर्वांत वाईट हाल मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे होतात. बर्फ आणि मीठ यांचे पाणी हौद्याच्या (मागच्या माल ठेवायच्या जागेच्या) फटींतून थेट चेसिसवर, मागच्या पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) आणि ब्रेकच्या नळ्यांवर ठिबकते. अशी गाडी प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुतली पाहिजे. किनाऱ्याजवळच्या खारवट विहिरीच्या पाण्याने धुणे न धुण्यापेक्षाही वाईट. फाळक्याचे (हौद्याच्या मागच्या उघडत्या झडपेचे) बिजागर, हौद्याचे कोपरे, केबिनच्या पायऱ्या आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खोबण या जागा आधी पाहाव्यात. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजली की दरवाजा आतून कुजतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्यात केबिनमधील स्पंजाची चटई आणि हौद्यातील रबरी मॅट काढूनच ठेवावी.

चेसिसची तपासणी लहान हातोडीने करतात. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. स्क्रू-ड्रायव्हर आत घुसला तर तेवढा भाग कापून काढावा लागतो. कुजक्या पत्र्यावर वरून ठिगळ मारले तर आतला गंज चालूच राहतो आणि ठिगळाच्या कडेला नवी चीर पडते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर व डायनामोची जोडणी काढावी आणि जवळपास काम असेल तर डिझेलची टाकी उतरवावी. गंज वरवरचा असेल तर क्रम असा : धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवणे, तेलकटपणा थिनरने पुसणे, ग्राइंडरवरच्या तारेच्या कपब्रशने सुटा गंज काढणे, फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबणे, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर चेसिस ब्लॅक. बंद पोकळ्यांत लांब नळीच्या स्प्रेने मेणयुक्त द्रव मारावा आणि तळाची भोके त्यानंतर तारेने मोकळी करावी.

दोन प्रचलित उपायांबद्दल सावध राहावे. जाड डांबरी अंडरकोट नव्या, कोऱ्या चेसिसवर ठीक असतो. जुन्या, गंजलेल्या चेसिसवर त्याला चिरा पडतात, पाणी आत शिरते आणि बाहेर काळा चकचकीत थर तसाच दिसत राहतो. दुसरा उपाय जळके ऑइल मारण्याचा. त्याने गंज काही काळ थांबतो हे खरे, पण रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगतात, आणि अंगणात पडलेले तेल पावसाबरोबर विहिरीकडे जाते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे.

डिझेल आणि हवा : ‘गाडीने एअर घेतली’ ही या गाड्यांची नित्याची तक्रार. लक्षण ठरलेले : सकाळी गाडी सुरू होते, काही सेकंद चालते आणि बंद पडते, नंतर बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. इंजिन उभे असताना नळीतील डिझेल टाकीकडे परत उतरते आणि त्या जागी हवा शिरते. शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक डिझेल-रोधक नळी तात्पुरती बसवणे. चालू इंजिनात बुडबुडे दिसले तर गळती फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी किंवा फिल्टरच्या सीलमध्ये आहे. बुडबुडे नसतील आणि तरी त्रास असेल तर नोझलवरून (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीवरून) परत जाणाऱ्या बारीक नळ्या पाहाव्यात. त्यांचे कापडी वेष्टण उन्हाने आणि तेलाने कुजते. २०२० पासून देशभर मिळणाऱ्या १० पीपीएम गंधकाच्या डिझेलवर आल्यानंतर जुन्या पंपांचे मूळ रबरी सील आकसून गळू लागल्याचेही आढळते. पंप खोलावा लागलाच तर सील नव्या रबराचे घालावेत.

हवा काढताना फिल्टरवरील ब्लीड स्क्रू अर्धा ते एक वळण सैल करून फीड पंपाचा हातदांडा, किंवा फिल्टरच्या डोक्यावरचे बटण, बुडबुडे थांबेपर्यंत चालवावे आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूचे तसेच. एवढ्यावर सुरू न झाल्यास दोन नोझलांचे पाइपनट (बहुधा १७ चा पाना) सैल करून १०–१५ सेकंद सेल्फ मारावा. डिझेल झिरपू लागले की नट आवळावेत. दोन प्रयत्नांमध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्यावी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. हा फवारा शंभरहून अधिक बार दाबाचा असतो, तो कातडी भेदून आत शिरतो आणि जखम किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

पाणी हा डिझेलचा दुसरा शत्रू. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूस दव धरते. पाणी तळाशी जाते, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळसर बुळबुळीत चिखल होतो. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच असल्याने तो पाण्याने लवकर जातो. लाईनबद्ध (इनलाइन) पंप जरा सहनशील असतो, पण त्यातील काहींना स्वतंत्र ऑइल लागते आणि ते पाहायचे राहून जाते. म्हणून जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवावी, जलविभाजकाचा (डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा) तळाचा स्क्रू दर आठवड्याला उघडून साचलेले पाणी काचेच्या बाटलीत काढावे, आणि पाणी वारंवार निघाले तर टाकी उतरवून धुवावी. नोझल दर ४०–५० हजार किमीला पंप-नोझलच्या कारागिराकडे दाब व फवारा तपासायला द्यावेत. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. पंपाचे टायमिंग आणि सीलबंद स्क्रू यांना घरी हात लावू नये.

धूर पाहून बराच अंदाज येतो. काळा धूर : एअर फिल्टर तुंबला, नोझल गळतो किंवा डिझेल जास्त. डिचोली, सांगेकडच्या लाल धुळीत एअर फिल्टर पुस्तकातील मुदतीच्या निम्म्यात साफ करावा लागतो. ऑइल-बाथ प्रकारच्या फिल्टरातले ऑइल तळाशी चिखल साचला की बदलावे. निळा : ऑइल जळते. पांढरा, डिझेलचा वास असलेला : हीटर प्लग मेला किंवा कॉम्प्रेशन कमी. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा : कूलंट आत जाते, हेड गॅस्केट पाहावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून चालू इंजिनात धूर भकाभका येत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो. कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय इंजिन खोलण्याचा निर्णय घेऊ नये.

ऑइल आणि पाणी : इंजिनात १५डब्ल्यू-४० प्रतीचे डिझेल ऑइल, दर ५,००० किमी किंवा सहा महिने, यांतले जे आधी होईल तेव्हा, फिल्टरसह. कमी चालणाऱ्या गाडीत महिनेच मोजावेत. पूर आलेल्या रस्त्यातून चाकाच्या तुंब्याइतक्या (मधल्या भागाइतक्या) पाण्यात गाडी गेली असेल तर गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे ऑइल लगेच पाहावे. दुधाळ दिसले तर बदलावे आणि हाउसिंगचा ब्रीदर मोकळा आहे का तेही पाहावे, कारण गरम हाउसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालण्याची सवय गोव्यात घरोघर आहे. लाल जांभ्या मातीतील पाणी पुष्कळदा आम्लधर्मी, किनाऱ्याचे खारवट. दोन्ही ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला आणि वॉटर पंपाला खातात. डिस्टिल्ड पाण्यात किमान एक तृतीयांश कूलंट मिसळून दर दोन वर्षांनी बदलावे. गोठण्याची येथे भीती नाही, गंजरोधक घटकांसाठीच ते हवे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे ही गॅरेजमधली सर्वांत महागडी बचत आहे. तापण्याचे मूळ बहुधा तुंबलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट किंवा कमजोर प्रेशर कॅप असते. थर्मोस्टॅटविना इंजिन थंडच धावते, डिझेल जास्त पिते आणि लाईनर लवकर झिजतात. चोर्ला किंवा अनमोड घाट चढल्यावर काटा वर जाऊन सपाटीला लगेच खाली येत असेल तर आधी रेडिएटरची बाहेरची जाळी, कीटक आणि धूळ, उलट्या दिशेने पाणी मारून धुवावी.

ब्रेक : डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा निर्वात मिळत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी निर्वात पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो डायनामोच्या मागे जोडलेला. पेडल कडक लागले तर बूस्टर बदलण्याआधी हा पंप व त्याचा होज तपासावा. डायनामोत ऑइल उतरत असेल तर पंपाचे सील गेले. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. दोन वर्षांत ते तपकिरी होते, व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून अडकतात. मागील अक्षावरील भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह खाऱ्या पाण्याने गच्च बसतो, मग रिकाम्या गाडीची मागची चाके लगेच लॉक होतात. त्याचा दांडा हाताने हलतो का हे ग्रीसिंगच्या वेळी पाहावे. पाट्यांचे शॅकल आणि जॉइंटांच्या निप्पलांत जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. यू-बोल्ट काढले असतील तर ५०० किमीनंतर पुन्हा आवळावेत.

वीज : बॅटरी दुबळी झाली असे वाटते तेव्हा निम्म्या वेळा दोष अर्थिंगचा असतो. सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांवर धरावा. ०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थची पट्टी काढून, घासून, व्हॅसलिन लावून बसवावी. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट, पूर्ण भरलेली उभी बॅटरी सुमारे १२.६. पावसात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंग कुरतडतात. लवचीक प्लास्टिक नळीतून हार्नेस नेल्यास नुकसान कमी होते.

उभी ठेवणे : माडाखाली गाडी ठेवू नये, हे सांगावे लागू नये. मातीच्या जमिनीपेक्षा चिऱ्यांवर किंवा काँक्रीटवर, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या असलेला मांडव उत्तम. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी आतून घामेजते. हँडब्रेक ओढू नये, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाकून चाकांना दगड लावावे. क्लच प्लेटही दोन-तीन महिन्यांत फ्लायव्हीलला गंजून चिकटते, म्हणून पेडल दाबून लाकडाच्या टेकूने रोखण्याची रीत आहे (तेव्हा गाडी गिअरवर नव्हे, दगडांवरच थांबते). आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालवणे अपायकारक, कारण तेवढ्यात ऑइल तापत नाही आणि आत साठलेली वाफ तशीच राहते. पंधरवड्यातून एकदा १५–२० किमी चालवावी, नाही तर हातच लावू नये.

कागदपत्रे : मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. बीएस-४ (भारत स्टेज प्रदूषण मानक) पूर्वीच्या डिझेल गाडीची धूरमर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराच्या दाटपणाचे माप) आहे. चाचणीला जाण्यापूर्वी इंजिन चांगले तापवून न्यावे आणि एअर फिल्टर साफ असावा. चेसिस क्रमांक चौकटीवर ठोकलेला असतो. गंजकाम करताना त्या जागी ग्राइंडर फिरवू नये, जाड रंगही चढवू नये. हलक्या हाताने साफ करून पातळ ग्रीस लावावे, कारण आरटीओत पेन्सिलने त्याचाच ठसा घेतला जातो.