लाईट गेली की काय काय जातं? खान्देशातल्या मे महिन्याची तयारी

मे संपता संपता रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात वादळी वारं सुटतं आणि केळीच्या बागाच्या बागा आडव्या होतात, ते फोटो आपण दरवर्षी बघतो. पण त्याच वाऱ्यात विजेचे पोल पडतात, तारा तुटतात, डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळते, आणि मग वायरमनच्या मागे अख्खं गाव. गल्लीत एकच प्रश्न, "जिभाऊ, तुमनाकडे लाईट शे का?" एखाद्या रात्रीचं असेल तर निभतं, पण दोन-तीन दिवस गेले आणि पारा ४४ वर असेल तर? खान्देशातल्या घरासाठी सगळ्यात खरी आणि सगळ्यात वारंवार येणारी इमर्जन्सी हीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, भूकंप-बिकंप नंतर.

कारण बघा, एक तार तुटली की कूलर बंद, बोअरची मोटर बंद म्हणून टाकी रिकामी, फ्रिज बंद म्हणून इन्सुलिन गरम, आणि काही तासांनी मोबाईल टॉवरची बॅटरी उतरली की फोनही मुका. चार वेगवेगळ्या गरजा आणि चारही एकाच तारेला लटकलेल्या. म्हणून तयारीचा पहिला विचार हा, की घरातल्या कोणत्या दोन-तीन गोष्टी एकाच आधारावर उभ्या आहेत ते शोधायचं आणि प्रत्येकीला दुसरा, वेगळा आधार द्यायचा. दुसरा विचार म्हणजे क्रम. माणसाचं शरीर कशावाचून किती वेळ तगतं त्या क्रमाने तयारी करायची. हवेशिवाय काही मिनिटं, प्रचंड उन्हात किंवा थंडीत काही तास, पाण्याशिवाय काही दिवस, अन्नाशिवाय काही आठवडे, असा हा ढोबळ हिशोब आहे. आपण नेमकं उलटं करतो, आधी किराणा भरतो. आपल्याकडे मे महिन्यात पहिला नंबर उष्णतेचा आहे, आणि घाम इतका जातो की पाण्याचे ते "काही दिवस"सुद्धा फार कमी होतात.

उष्णतेचं गणित नीट समजून घ्या. माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या शरीरात साधारण ८० ते १०० वॅट उष्णता तयार होत असते, शेतात काम करताना याच्या तीन-चार पट. ही बाहेर टाकावीच लागते. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे हवा ३० ची असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते, पण हवा ४४ ची झाली की प्रवाह उलटा फिरतो आणि हवाच आपल्याला तापवायला लागते. मग एकच रस्ता उरतो, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना हं, टपकून खाली पडलेला घाम काही कामाचा नाही. आपल्याकडची मे मधली हवा कोरडी असल्यामुळे घाम पटकन वाळतो, हे आपलं नशीब, पण त्यामुळेच किती घाम गेला ते कळतच नाही, अंगावर पांढरं मीठ दिसतं आणि कपडे कोरडेच.

आता पंख्याचं. ४० च्या वर नुसता पंखा कोरड्या अंगावर गरम वारा फेकतो, म्हातारी माणसं ज्यांना घाम कमी येतो त्यांना तर त्यानं उलट त्रास होऊ शकतो. पण अंग ओलं केलं, ओला पंचा किंवा सुती साडीचा तुकडा अंगावर टाकला, की तोच पंखा कूलरचं काम करतो. लाईट नसेल तर हातपंखा आणि ओला पंचा, यात विज्ञान तेच आहे. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बाष्पीभवनानं ओला कपडा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतो, इतकी ताकद आहे कोरड्या हवेत. जुलैत दमट झालं की ही ताकद संपते, म्हणूनच तेव्हा कूलर नुसता चिकचिक करतो.

घराचंही बघा. जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर दिवसाची उष्णता आत यायला कित्येक तास लावतं, पत्र्याचं घर काही मिनिटांत तापतं. पत्रा किंवा स्लॅब असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला वरून चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, खर्च थोडा आणि आतलं तापमान काही अंशांनी खरंच उतरतं. दिवसा खिडक्या-दारं लावून अंधार, रात्री सगळं उघडं.

उष्माघात ओळखणं घरातल्या प्रत्येकाला यायलाच पाहिजे. नुसता थकवा, चक्कर, पायात गोळे हे आधीचं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झटके आले, अंग भट्टीसारखं तापलं, आतलं तापमान ४० च्या पुढे, म्हणजे हा उष्माघात आणि एकेक मिनिट महत्त्वाचं. आधी थंड करायचं, गाडी येते तोवर वाट बघत बसायचं नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा, जांघेत ठेवा, दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आणि तापाची गोळी देऊ नका. ताप आणि उष्माघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तापात मेंदूच तापमानाची पातळी वर सरकवतो आणि पॅरासिटामॉल ती खाली आणतं, उष्माघातात मेंदूनं काही सरकवलेलंच नसतं, शरीर उष्णता फेकण्यात हरलेलं असतं, तिथे गोळीला काही कामच नाही.

आता पाणी. खान्देशात बऱ्याच ठिकाणी नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवण आपल्याला शिकवायची गरज नाही, टाक्या, ड्रम, हंडे सगळं भरलेलं असतं. अडचण साठ्याची नाही, साठ्यात काय होतं त्याची आहे. एडिस डास, म्हणजे डेंग्यूवाला, स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं त्यामागे हेच गणित आहे, चक्र पूर्ण व्हायच्या आत मोडायचं. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून आतून काथ्यानं घासणं हा खरा भाग. जो ड्रम रिकामा करणं परवडत नाही त्याला धोतराचं कापड घट्ट बांधा.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोजचे किमान ४ लिटर धरा, मे महिन्यात ६ धरलेले बरे, आणि तीन दिवसांचं हे पाणी वापरायच्या पाण्यापासून वेगळं, झाकलेलं, सावलीत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी चटका देतं, ते पिण्याच्या हिशोबात धरू नका. विहिरीचं किंवा टँकरचं गढूळ आलं तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मगच क्लोरीन. गाळातला सेंद्रिय माल क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरतच नाही. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम पुरते, नंतर अर्धा तास थांबायचं. उघड्या पिशवीतली, ओल लागलेली जुनी पावडर मात्र नुसता चुना झालेली असते. उकळणं सगळ्यात खात्रीचं, खळखळून एक मिनिट, पण त्यात गॅस जातो हेही धरा.

आणि ज्या गावात हापसा आहे तिथल्या लोकांनी तो दुरुस्त करून ठेवा हो! त्याला लाईट लागत नाही. बोअर आले, मोटरी आल्या आणि हापसे गंजून गेले, दांडा तुटलेला, वॉशर झिजलेला. विहिरीवर दोर आणि बादली ठेवायलाही खर्च किती. गुरं असतील तर हा प्रश्न आणखी मोठा, दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ५०-६० लिटर सहज पिते, ते डोक्यावर हंडे वाहून होत नाही.

घाम गेला की नुसतं पाणी पीत राहणंही बरोबर नाही, मीठ जातं तेही भरून काढावं लागतं. ताकात मीठ, लिंबू-साखर-मीठ, आणि जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसच. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलरा पसरला तेव्हा सलाईन संपत आलं आणि डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममधून प्यायला द्यायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. गंमत अशी की आतड्यात मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि पाठोपाठ पाणी ओढून नेतात, म्हणून दोन्ही पाहिजेत आणि मापात पाहिजेत. एका लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त झाली तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. दुकानात ओआरएस नावानं गोड पेयं विकली जायची ती म्हणूनच धोक्याची, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, त्यांना ते नाव वापरायला बंदी घातली. कागदी पाकीट घ्या, स्वस्त आहे, चार-पाच घरात पडू द्या.

विजेचं थोडं गणित, कारण इथे लोक फसतात. १२ व्होल्ट १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. त्यावर जुना ७५ वॅटचा एक पंखा बारा तासांच्या आसपास चालेल, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दिवसभर आणि रात्रभर, आणि कूलर लावलात तर पाच-सहा तासांत खेळ खलास. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला. लीड-ॲसिड बॅटरी उष्णतेनं लवकर मरते, पत्र्याखाली ठेवू नका, मार्चमध्ये डिस्टिल्ड वॉटर बघा. पॉवर बँकेवर १०००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ३७ वॅट-तास, वाटेतला तोटा धरून आजचा ५००० एमएएचचा फोन त्यावर दीड वेळा चार्ज होतो, दोनदा नाही. रेंज नसताना फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी जाळतो, तेव्हा एअरप्लेन मोडवर टाका, तासातून एकदा उघडा, कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा, तो बऱ्याचदा जातो. आणि सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, आकाशवाणी जळगाव लागतं.

औषधांत इन्सुलिनकडे खास लक्ष द्या. फ्रिज बंद पडला तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवा, मडकं सावलीत आणि वाऱ्यात, बाहेर ४३ असताना आत पंचवीसच्या आसपास टिकतं. बर्फाला चिकटवून मात्र कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फुकट गेलं समजा.

खाण्याबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण यात खान्देशातल्या बायका पिढ्यान् पिढ्या पुढे आहेत. बिबडे, कुरडया, शेवया, उडदाचे पापड, सांडगे हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलं की त्यातलं जंतूंना वापरता येणारं पाणी इतकं खाली जातं की बुरशीलाही जगता येत नाही, म्हणून वर्षभर डब्यात टिकतं. फ्रिज नको, लाईट नको. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर तर पोषणातही पक्की, ज्वारीत लायसिन हा प्रथिनातला घटक कमी आणि उडदात भरपूर, एकाची उणीव दुसरं भरतं. फक्त गॅसच्या जोडीला चूल आणि कोरडं सरपण असू द्या.

लाईट नसली की माणसं अंगणात, ओट्यावर, जमिनीवर झोपतात, आणि मण्यार साप रात्रीच फिरतो. त्याचा चावा इतका बारीक की झोपेत कळतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि घरचे ॲसिडिटी समजतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून, टॉर्च उशाशी. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं काही नाही, हातपाय हलू न देता सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. ते कोणत्या दवाखान्यात असतं हे आजच विचारून ठेवा.

स्वयंपूर्ण म्हणजे एकटं नव्हे, आणि हे मी आकडे बघून म्हणतोय. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. १९९५ च्या शिकागोच्या लाटेचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकटी राहणारी, घराबाहेर न पडणारी माणसं जास्त दगावली. आपल्या गावातही पोरं पुण्या-सुरतेला आणि आई-वडील इथे, अशी घरं किती आहेत. तुमच्या गल्लीतली अशी दोन घरं ठरवून घ्या, दुपारी चार वाजता हाक मारायची, ओ आली नाही तर आत जायचं, आणि किल्ली कुणाकडे असते ते माहीत करून घ्यायचं.

हे सगळं एप्रिलच्या एखाद्या रविवारी करून बघा. सकाळी मेन स्विच पाडा आणि संध्याकाळपर्यंत वर करू नका. फोन आदल्या रात्री मुद्दाम चार्ज न करता. मेणबत्ती सापडते का, हापसा किती लांब, चुलीला काडेपेटी कुठे, टाकीतलं पाणी कधी संपतं, आजोबा दुपारी दोन वाजता कुठल्या खोलीत बरे बसतात, हे कागदावर लिहीत जा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना त्या दिवशी नातेवाईकांकडे पाठवा, आणि फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर ते आधी मडक्यात हलवा, तेवढीच मडक्याचीही परीक्षा होईल, आत थर्मामीटर ठेवून.