सकाळचं आवरणं : मोजायचं कुठून, थांबायचं कुठे

‘आवरलं का?’ या प्रश्नाचं उत्तर कधीच सरळ येत नाही. ‘झालंच’ असं आतून ओरडणारा माणूस अजून साबण लावत असतो, आणि ‘माझं केव्हाच आवरलंय’ म्हणत दारात उभा राहणाऱ्याच्या एका पायात मोजा असतो, दुसरा तो पलंगाखाली शोधून आलेला असतो. मराठीत आवरणं म्हणजे अंग धुऊन कपडे करणं, पसारा उचलणं आणि रोखून धरणंही. हसू आवरतं, हात आवरता घ्यावा लागतो. सकाळी किती वेळ लागतो या प्रश्नाचा इतिहास शोधायला गेलं की हाच गुंता वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या कायद्यांत भेटत राहतो. भांडण मिनिटांवरून होतंय असं दिसतं, पण खरं भांडण असतं ते मिनिटं मोजायला सुरुवात कुठून करायची यावरून.

फार मागं जायचं कारण नाही. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात राजाचं उठणं हाच एक दरबार होता. राजाच्या हातात शर्ट कोणी द्यायचा, याचासुद्धा मान ठरलेला असे आणि खोलीत कोणाला केव्हा सोडायचं याची उतरंड असे. तिथल्याच फ्रेंच भाषेनं जगाला ‘टॉयलेट’ हा शब्द दिला. मूळ अर्थ छोटं कापड. मग शृंगाराच्या मेजावर अंथरायचं कापड, मग ते मेज, मग त्या मेजापाशी बसून नटण्याची सगळी क्रिया, आणि शेवटी आज आपण ज्याला टॉयलेट म्हणतो ते. एका शब्दानं कापडापासून संडासापर्यंत मजल मारली, यावरून आवरण्याच्या सीमा किती सैल होत्या हे कळतं. पण तिथं वाट पाहत उभे असायचे ते दरबारी, आणि उशीर झाला म्हणून त्यांना काही बोलायची सोय नव्हती. ‘किती मिनिटं लागतात?’ हा प्रश्न पडायला वाट पाहणारा तक्रार करू शकेल असा हवा, नाहीतर दार बंद करू शकेल असा.

तो आला कारखान्याच्या फाटकाच्या रूपानं. ठरल्या वेळेला फाटक बंद झालं की मजुरी कापली जायची. त्यामुळं सकाळ उलटी मोजायची सवय लागली. फाटकाच्या वेळेतून चालायला लागणारा वेळ वजा, त्यातून आवरायला लागणारा वेळ वजा, उरली ती उठायची वेळ. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं त्यांच्यासाठी ब्रिटनच्या गिरणगावांत पैसे घेऊन उठवणारी माणसं असत. लांब काठीनं वरच्या मजल्याच्या काचेवर टकटक करायची आणि आतला माणूस खिडकीशी आल्याशिवाय हलायचं नाही. हा धंदा 20व्या शतकातही बराच काळ टिकला. हव्या त्या वेळेला लावता येईल अशा गजराच्या घड्याळाचं पेटंट फ्रान्समध्ये 1847 साली निघालं, अमेरिकेत उशाशी ठेवायचं किल्लीचं गजराचं घड्याळ 1876च्या सुमाराला आलं. हे दोन्ही शोध झोपेचे मानले जातात. माझ्या मते ते आवरण्याचे शोध आहेत, कारण उठण्याची वेळ पक्की झाल्यावरच उठण्यापासून निघण्यापर्यंतचा तुकडा मोजता येऊ लागला.

यानंतर साधनांची रांग लागली. 1868 साली लंडनमध्ये गॅसवर पाणी तापवणारं यंत्र आलं. आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याचं नाव पडलं आणि तोच आपला गीझर. दाबून काढायच्या नळीतली टूथपेस्ट 1890च्या दशकात आली, नायलॉनच्या केसांचा दात घासायचा ब्रश 1938 साली. आज ज्या रूपात कपड्यांची चेन वापरतो तिचं पेटंट 1917चं. पाती बदलायच्या सेफ्टी रेझरची गोष्ट तर व्यापाराच्या पुस्तकांत नेहमी सांगितली जाते. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर खपले आणि पुढच्याच वर्षी 90 हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो सरकारी खर्चानं गेला आणि ते सैनिक रोज स्वतःच दाढी करायची सवय घेऊन घरी परतले.

एवढं सगळं झाल्यावर सकाळची मिनिटं घटली असतील असं कोणालाही वाटेल. प्रत्येक कामाला लागणारा वेळ घटला हे खरंच. पण न्हाव्याकडे आठवड्यातून एक-दोनदा होणारी दाढी आता रोजची झाली, आणि ती घरातल्या आरशासमोर, म्हणजे सकाळच्या हिशेबात येऊन पडली. गरम पाणी नळाला आलं, तेव्हा रोज केस धुणं सोपं झालं. मग ते अपेक्षित झालं, मग वाळवणंही आलं. साधनानं वाचवलेला वेळ नव्या अपेक्षेनं खाल्ला. घरकामाच्या इतिहासात हे अनेकांनी दाखवून दिलंय, आवरण्याच्या बाबतीत मात्र त्याची फारशी चर्चा होत नाही.

चर्चा झाली ती न्यायालयात, आणि तीही अमेरिकेत. तिथल्या एका वादाची इथं जरा सविस्तर दखल घेतोय, कारण आवरणं कुठं संपतं आणि काम कुठं सुरू होतं हा प्रश्न इतक्या बारकाईनं दुसरीकडे क्वचितच विचारला गेला असेल.

1946 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मिशिगनमधल्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात निकाल दिला. फाटकातून आत आल्यावर कामाच्या जागेपर्यंत चालणं, ॲप्रन चढवणं, हातांना वंगण किंवा पट्टी लावणं, बोटांना टोपणं घालणं, ही सगळी मालकासाठी केलेली तयारी आहे, तेव्हा तिचे पैसे द्या, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या काही महिन्यांत देशभरात दीड हजारावर दावे दाखल झाले आणि मागितलेली एकूण रक्कम 6 अब्ज डॉलरच्या घरात गेली. उद्योगधंदे हादरले. 1947 साली कायदाच बदलला : मुख्य कामाच्या आधीची आणि नंतरची तयारी सर्वसाधारणपणे मजुरीच्या हिशेबात धरायची नाही. 1949 साली आणखी एक कलम आलं. त्यानुसार कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘कपडे बदलणं किंवा धुणं’ यासाठी लागणारा वेळ, कामगार संघटनेच्या करारानं वा चालत आलेल्या रिवाजानं वगळला असेल, तर वगळलेलाच राहील.

मग 1956चा निकाल. बॅटरीच्या कारखान्यात शिसं आणि गंधकाम्ल अंगावर उडतं. तिथल्या कामगारांना शिफ्ट संपल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी जावं लागे, नाहीतर ते विष घरापर्यंत पोचलं असतं. ही अंघोळ कोणाची? कामगाराची की कारखान्याची? न्यायालय म्हणालं, कामाचा अविभाज्य भाग आहे, पैसे द्या. म्हणजे अंघोळ तीच, पाणी तेच, साबणही तोच. अंगावर काय आहे एवढ्यानं तिचा खर्च कोणाच्या नावावर पडणार हे ठरलं.

आणि अखेर 2014. इंडियानातल्या एका पोलाद कारखान्याचे कामगार कामावर चढण्याआधी 12 वस्तू अंगावर घालत : आग न पकडणारं जॅकेट, पँट, टोपरं, हेल्मेट, मानेवरचं आवरण, मनगटपट्टे, हातमोजे, पायपट्टे, पोलादी संरक्षण असलेले बूट, चष्मा, कानातले बोळे आणि श्वसनाचा मुखवटा. कराराप्रमाणे हा वेळ बिनपगारी होता. कामगारांचं म्हणणं, हे ‘कपडे’ नव्हेतच, ही संरक्षणाची साधनं आहेत, तेव्हा 1949चं कलम आम्हाला लागू नाही. दुसरं म्हणणं अधिक मजेदार होतं. ‘बदलणं’ म्हणजे एक काढून दुसरं घालणं. आम्ही घरच्या शर्टावर जॅकेट चढवतो. काढतच नाही काही, तर बदललं काय?

मराठी माणसाला हा मुद्दा पटकन कळतो, कारण आपण ‘कपडे घालणं’, ‘चढवणं’ आणि ‘बदलणं’ हे तीन वेगळे शब्द वेगवेगळ्या प्रसंगी वापरतो. स्वेटर चढवला की कोणी ‘कपडे बदलले’ म्हणत नाही. न्यायालयानं मात्र जुने शब्दकोश उघडले आणि ठरवलं की बदलणं म्हणजे रूपात फेरफार. अंगावर एक थर वाढला तरी फेरफार झालाच. आणि कपडे म्हणजे अंग झाकण्यासाठी बनवलेली, त्यासाठी वापरलेली आणि सर्वसाधारणपणे पोशाख मानली जाणारी वस्तू. या व्याख्येत 12 पैकी 9 वस्तू बसल्या. चष्मा, बोळे आणि मुखवटा बसले नाहीत. मग त्या तीन वस्तूंची मिनिटं वेगळी काढायची का? न्यायालय म्हणालं, नको. त्या सबंध वेळेकडे एकत्र पाहिलं तर तो मुख्यतः कपडे बदलण्याचा वेळ आहे की नाही एवढंच बघायचं. न्यायाधीशांना घड्याळ घेऊन मिनिटं मोजायला बसवावं असा कायदा करणाऱ्यांचा हेतू नसणार, असाही सूर निकालात आहे. निकाल एकमतानं झाला. कामगार हरले.

कायद्याच्या दृष्टीनं निकालात खोट काढणं अवघड आहे हे मान्य. तरी आग न पकडणारं टोपरं आणि घरातून घालून निघालेला शर्ट एकाच शब्दात बसवून मोजणी टाळली, हे मला अजून पटत नाही. ज्या गोष्टीवरून भांडण होतं तिचीच मोजणी झाली नाही.

मोजण्याचं काम दुसरीकडे वेगळ्याच लोकांनी घेतलं होतं. दिवसभरात कोण कशावर किती वेळ घालवतं याच्या डायऱ्या भरून घेण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग 1960च्या दशकाच्या मध्याला झाला. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व आणि पश्चिम मिळून 12 देश त्यात होते. पुढं अनेक देशांत अशी सर्वेक्षणं नियमित होऊ लागली. अमेरिकेत 2003पासून ती दरवर्षी होतात. डायरीतला दिवस बहुतेक ठिकाणी पहाटे 4 वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 4 वाजता संपतो, म्हणजे सकाळ मधोमध तुटत नाही.

पण सकाळ तुटते ती वर्गवारीत. समजा एका बाईनं डायरीत असं लिहिलं : 6.10 उठले. 6.20 पोराला उठवलं. 6.30 त्याची अंघोळ. 6.50 माझी अंघोळ. 7.00 त्याच्या शर्टाला इस्त्री. 7.10 कपडे, केस. 7.20 किल्ली शोधत होते. तिला विचारलं तर ती म्हणेल, आवरायला सव्वा तास लागला. कोष्टकात मात्र पोराची अंघोळ ‘मुलांची काळजी’ या रकान्यात जाते, इस्त्री घरकामात जाते, किल्ली आणखी तिसरीकडे. ‘स्वतःची स्वच्छता व निगा’ यात उरतात ती 20-30 मिनिटं. त्यातही हा रकाना अख्ख्या दिवसाचा असतो, रात्री तोंड धुतलेलं त्यातच. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेल्या 2016च्या वर्गीकरणात स्वतःच्या निगेचा मोठा गट आहे, पण झोप, जेवण आणि अंघोळ हे सगळं त्याच एका छपराखाली वेगवेगळ्या खोल्यांत राहतं. ‘सकाळचं आवरणं’ नावाची खोली तिथं नाही.

अमेरिकेच्या आकड्यांत अंघोळ, कपडे आणि नटणं मिळून सरासरी दिवसाला 40 मिनिटांच्या आसपास भरतात, बायकांची पुरुषांपेक्षा जास्त. या फरकावर विनोद खूप होतात. पण दुसऱ्याला आवरून देण्याची मिनिटं या आकड्यात नाहीत, हे विनोद करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं.

दुसरी अडचण एकाच वेळी दोन कामं करण्याची. डायरीत मुख्य काम एकच लिहायचं असतं. दात घासताना डोळे फोनवर असतील तर ती तीन मिनिटं दातांची की फोनची? काही देशांत जोडीचं काम लिहायला वेगळा स्तंभ असतो, काही ठिकाणी तो नसतो, त्यामुळं देशादेशांची तुलना जपून करावी लागते.

त्यात गजराचीही भर पडली. 1956 साली एका अमेरिकी कंपनीनं गजर तात्पुरता गप्प करायची कळ असलेलं घड्याळ आणलं. पुढं 9 मिनिटांची डुलकी इतकी रूढ झाली की आजही कित्येक फोनवर तोच आकडा आहे. दाते असलेल्या चाकांमुळं तो आला असं सांगतात. कारण काहीही असो, त्या कळीनं ‘उठण्याची वेळ’ नावाचा एक बिंदू होता तो पसरट करून टाकला. 6ला गजर झाला, 6.09ला झाला, 6.18ला पाय जमिनीला लागले. आवरायला सुरुवात कधी झाली?

शेवटची बाजूही 2020मध्ये सैल झाली. फाटकच राहिलं नाही. घरून काम करणाऱ्यांच्या डायऱ्यांत प्रवासाबरोबर स्वतःच्या निगेची मिनिटंही कमी झालेली दिसली. कॅमेऱ्याच्या चौकटीत कमरेच्या वरचाच माणूस येतो, तेव्हा तेवढंच आवरायचं अशी रीत पडली. रात्रीच्या टी-शर्टवरच इस्त्रीचा शर्ट चढवायचा, वरची दोन बटणं लावायची, केसांवरून ओला हात फिरवायचा आणि बैठकीत हजर व्हायचं. खालचा पायजमा तसाच. काही काढलेलं नाही, वर फक्त एक थर वाढलाय. 2014च्या निकालाप्रमाणे हे कपडे बदलणंच झालं. बाहेरच्या खोलीतून कोणी विचारलं, ‘आवरलं का?’, तर उत्तर येतं ‘हो’, आणि त्याच वेळी बाथरूममध्ये बादली भरत असते.