चेहरा पडताळणं वेगळं, चेहरा शोधणं वेगळं

गेल्या नोव्हेंबरात आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून अर्धा तास बसलो होतो. चष्मा काढ, पदर मागे घे, खिडकीकडे तोंड कर, आता पापण्या मिटून उघड. चौथ्या खेपेला काम झालं. शेजारचे काका बघत होते. म्हणाले, "पोलिसांकडं पण आता हेच आलंय. गड्ड्याच्या गर्दीतला चोर असाच घावणार." गड्डा म्हणजे आमच्या सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा.

हे 'हेच' मला खटकलं. दोन्हीकडे कॅमेरा आणि चेहराच असला, तरी मशीनला विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

आईच्या वेळी प्रश्न एवढाच होता: या आधार नंबरावर फोटो आहे, ती हीच बाई का? एकाशी एक. ही पडताळणी. आपण कोण हे आईने आधीच सांगितलं होतं, ती राजीखुशीने फोनसमोर बसली होती, आणि जुळलं नसतं तर आम्ही रिक्षा करून बँकेत गेलो असतो.

तपासात सीसीटीव्हीतला चेहरा लाखो फोटोंच्या साठ्यात टाकतात आणि विचारतात: यांतला हा कोण? मशीन प्रत्येक फोटोला साम्याचे गुण देतं आणि वरच्या काही जणांची यादी काढतं. खरा माणूस साठ्यात नसला, तरी त्याच्यासारखे दिसणारे असतातच. समजा, मशीन हजारात एकदाच चुकतं. आईपुरतं ते उत्तम. पण एक लाख फोटोंशी ताडलं की शंभर भलतेच लोक जुळतात. त्यात फुटेज खांबावरून घेतलेलं, रात्रीचं, चेहरा अर्धा वळलेला. दिल्ली पोलीस ८० टक्क्यांहून जास्त साम्य जुळणी धरतात, हे २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. पण ८० टक्के साम्य म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे.

खरा घोळ पुढे होतो. मशीनने लाखांतून सगळ्यात सारखा दिसणारा माणूस काढून दिला आणि तोच साक्षीदारासमोर उभा केला, तर साक्षीदार "हाच" म्हणणारच. दोन पुरावे झाले असं वाटतं, पण असतो एकच. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थाला बायको-मुलींसमोर घराच्या अंगणातून घड्याळचोरीसाठी पकडून नेलं. मशीनने त्याच्या लायसन्सचा फोटो काढून दिला होता. नंतर फोटोंतून त्याला 'ओळखलं' ते चोरीच्या वेळी दुकानात नसलेल्या, फक्त फुटेज पाहिलेल्या व्यक्तीने. माणूस निर्दोष होता. नुसत्या जुळणीवरून अटक करायची नाही, हे तिथल्या पोलिसांनी २०२४ च्या तडजोडीत मान्य केलं.

शोध वाईटच, असं मी म्हणत नाही. गड्ड्यात हरवलेलं लेकरू शोधायला तो जरूर वापरावा. तिथे चूक झालीच, तर आई बघताक्षणी सांगते, हे माझं नाही. संशयिताच्या बाबतीत असं सांगणारं कुणी नसतं, आणि त्याने स्वतः सांगितलं तर कोण ऐकतं?

साठ्यात कोणाचे फोटो आहेत, हे सोलापूरकराने तरी विचारावंच. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सोलापुरातल्या त्या कुंपणाच्या वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. २०२२ च्या ओळख कायद्यानुसार अटक झालेल्यांचे फोटो आणि बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची तरतूद आहे, पण निकाल लागायला किती वर्षं जातात हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचारा. ज्या वस्तीत उठसूट धरपकड होते, तिथलेच चेहरे साठ्यात जास्त जातात आणि पुढच्या वेळी तेच जुळतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. तरी अशा शोधासाठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

म्हणून "मशीनने ओळखलंय" असं सांगून कुणाला बोलावलं, तर वकिलामार्फत एवढं विचारायला लावा: मूळ फुटेज कुठे आहे? साठा कोणता होता? यादीत हा कितवा होता आणि वरखाली कोण होते? ओळखपरेडीआधी साक्षीदाराला फोटो दाखवला होता का? आणि त्या वेळी हा माणूस कुठे होता, हे कुणी जाऊन पाहिलं का?