वर्कबेंचचे मोठे जोड: पायावरचं ते डव्हटेल हवंच का?

रोमन काळातले सुतारांचे बेंच बुटके, जाड फळीला भोकं पाडून खालून तिरके पाय ठोकायचे की झालं काम. जर्मनीत सालबुर्गच्या रोमन किल्ल्यातल्या विहिरीत असा एक सापडलाय.

खरी भानगड १८व्या शतकातल्या फ्रान्समधली. तिथल्या एका सुतारानेच लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात बेंचची फळी ५-६ इंच जाड, पाय ६ इंच रुंद, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर दोन कुसा (भोकात बसणाऱ्या लाकडाच्या जिभा), आतली सरळ अन् बाहेरची डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराची, दोन्ही फळीतून आरपार. पाय फळीच्या काठाशी सपाट हवा, म्हणजे लांब फळी उभी धरून रंधता येते. आता एकच मोठी कूस केली तर बाहेर लाकडाची बारीक पट्टी उरते आणि ती फुटते, म्हणून ती जागा डव्हटेलने भरली असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो कूस थोडी आत घ्या, डव्हटेल म्हणजे नुसता मिरवायचा प्रकार. मला दुसऱ्यांचं जास्त पटतं, कारण बेंच डगमगू न देण्याचं काम खालच्या आडव्या पट्ट्या आणि जोडात आरपार ठोकलेल्या खुंट्याच करतात. खुंटीचं भोक कुशीत २-३ मिमी खांद्याकडे (कूस जिथून सुरू होते तिकडे) सरकवून पाडायचं, खुंटी ठोकली की जोड आपोआप खेचला जातो, ना सरस लागतो ना क्लॅम्प.

कुशीच्या भोकाचं खोदकाम मात्र कुणालाच चुकत नव्हतं. गिरमिटाने दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक, मग विंधणं (भोक खोदायची छिन्नी) आणि मोगरी (लाकडी हातोडा), आणि खालची खूण वरच्याशी जुळली नाही तर मधे पायरी पडते अन् कूस तिथेच अडकते. १९व्या शतकातल्या इंग्रजी बेंचने हे टाळलं, पुढे-मागे रुंद फळ्या खिळे-स्क्रूने मारल्या, मोठे जोड जवळपास नाहीतच. (आपल्याकडचा सुतार तर जमिनीवर बसून पायाने लाकूड धरायचा, त्याला बेंचच नको होता.)

२००० नंतर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी फ्रेंच बेंच परत उचलला, पण एवढी जाड फळी परवडणार कुणाला, मग बांधकामाच्या स्वस्त लाकडाच्या पट्ट्या चिकटवायला लागले. चिकटवतानाच मधल्या पट्टीत गॅप सोडला की भोक तयार, पायाची मधली पट्टी लांब ठेवली की कूस तयार. डव्हटेलची खाचसुद्धा पुढच्या पट्टीत आधीच करवतीने कापून घेतात, म्हणजे मोगरी जवळजवळ हातात घ्यावीच लागत नाही आणि कट्टर मंडळींची चिडचिड होते ती यावरच.