'सेल': भिंतींवरून पडलेले नाव

घड्याळातला सेल, शरीरातला सेल, पोलिसांचा सायबर सेल, संगणकावरील तक्त्यातला सेल आणि हातातला सेलफोन ही सगळी एकाच इंग्रजी शब्दाची रूपे आहेत. दुकानातला सवलतीचा सेल मात्र यांच्या गोत्रातला नाही. त्याचे स्पेलिंग वेगळे, कूळही वेगळे, केवळ देवनागरीत लिहिताना ही दोन्ही नावे जुळी दिसतात.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'केल्ला' हे आहे आणि त्याचा अर्थ लहान खोली किंवा कोठार. 'झाकणे, लपवणे' असा अर्थ असलेल्या ज्या प्राचीन धातूकडे तो नेला जातो, त्याच धातूपासून इंग्रजीतील 'कन्सील' आला आणि संस्कृतातील 'शाला' हा शब्दही अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याच्याशीच जोडतात. इंग्रजीत हा शब्द बाराव्या शतकाच्या सुमारास शिरला तो ख्रिस्ती मठांतून: आधी मोठ्या मठाच्या अखत्यारीतील लहान मठ, मग एकेका संन्याशाची खोली. तुरुंगाची कोठडी हा अर्थ बराच उशिरा, अठराव्या शतकात रुळला. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांना मात्र रोमन लोकही हेच नाव देत.

विज्ञानात त्याला आणले रॉबर्ट हूक यांनी. वस्तऱ्यासारख्या धारदार चाकूने त्यांनी बुचाच्या लाकडाचा अतिशय पातळ काप काढला, तो पांढरट असल्यामुळे काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मधाच्या पोळ्यासारखी असंख्य पोकळ घरे दिसली. हूक नुसते पाहून थांबले नाहीत. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे 60 घरे मोजून त्यांनी एका इंचात 1,080, चौरस इंचात 11,66,400 आणि घन इंचात 1,25,97,12,000 असा हिशेब 1665 मध्ये 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मांडला. बूच इतके हलके का आणि ते पाण्यावर का तरंगते, याचेही उत्तर त्यांना या हवेने भरलेल्या घरांत सापडले.

पण हूक यांनी पाहिल्या त्या मृत पेशींच्या उरलेल्या भिंती. पेशी हा सजीवांच्या रचनेचा मूळ घटक आहे, हा सिद्धान्त श्लायडेन यांनी 1838 मध्ये वनस्पतींसाठी आणि श्वान यांनी 1839 मध्ये प्राण्यांसाठी मांडला, तोवर नाव पक्के झाले होते. प्राण्यांच्या पेशीला तर भिंत नसतेच, असते ते पातळ पटल. आणि पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब जाणाऱ्या चेतापेशीला 'लहान खोली' म्हणणे म्हणजे कमालच आहे.

चेंबर, कंपार्टमेंट, क्यूबिकल हे त्याचे समानार्थी शब्द कोशात मिळतात. परंतु माझ्या मते 'सेल'मध्ये सारख्याच अनेकांपैकी एक, ही जी छटा आहे ती 'चेंबर'मध्ये नाही. मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत सुमारे दोन व्होल्टचे सहा सेल ओळीने जोडलेले असतात. मोबाइल सेवेसाठी प्रदेशाची विभागणी षट्कोनी सेलमध्ये करावी, म्हणजे त्याच लहरी दूरच्या सेलमध्ये पुन्हा वापरता येतील, ही कल्पना बेल प्रयोगशाळेत 1947 मध्ये पुढे आली. कागदावर तो आराखडा पोळ्यासारखाच दिसतो.

मराठीने या एका शब्दाची कामे कोठडी, कप्पा, कक्ष, घट आणि पेशी यांच्यात वाटून दिली. विजेच्या सेलला 'घट' म्हणणे मला विशेष समर्पक वाटते, कारण सुरुवातीचे सेल खरोखरच द्रावणाने भरलेली भांडी होती. 'पेशी'ची गोष्ट आणखी वेगळी. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. महाभारतात गांधारीच्या पोटी प्रथम जन्मते ती मांसपेशीच. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू आणि सेलसाठी कोशिका, तर मराठीने पेशी हाच शब्द सेलला दिला. त्यामुळे इंग्रजी नाव भिंतींवरून पडले आणि मराठी नाव आतल्या ऐवजावरून.