कोड्याचा डबा (जिओकॅशिंग)

जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे जीपीएसने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळात, ठेवलेला, पण सापडल्यावरही युक्ती कळल्याशिवाय न उघडणारा घरगुती डबा. खेळाडू त्याला गॅजेट कॅश म्हणतात. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली. खेळाचा उगम तिथला. डब्यात नोंदवही असते. उघडणाऱ्याने नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा बंद करून ठेवायचा.

खानदेशात युक्ती सुचणे सोपे, ती टिकवणे अवघड. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. ग्लू गनने चिकटवलेले लोहचुंबक त्या तापात सुटून पडते. तिथे दोन नळ्यांत मिळणारा एपॉक्सी गोंदच हवा. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून चैत्रात अलगद सरकणारे झाकण श्रावणात हलत नाही.

करायला सर्वांत सोपी पाण्याची नळी. शेतीच्या पाइपांच्या दुकानात मिळणारा ४० मिमीचा पीव्हीसी पाइप ४० सेंमी कापायचा. खालचे टोपण सॉल्व्हंट सिमेंटने बसवायचे आणि तळाजवळ ३ मिमीचे भोक पाडून पाइप उभा, पक्का बांधायचा. आतला व्यास साधारण ३६ मिमी भरतो, म्हणजे नळीत ४०० मिली पाणी मावते. नोंदीचा कागद ३० मिमी जाडीच्या, १० सेंमी लांबीच्या बंद कुपीत ठेवतात. तळाशी नट टाकून कुपीचे एकूण वजन ४५ ग्रॅमच्या आसपास आणले की ती उभी तरंगते आणि नळी काठोकाठ भरल्यावर साडेतीन सेंमी वर डोकावते. ७० ग्रॅमच्या पुढे गेली तर बुडालीच. भोकावर बोट ठेवल्याशिवाय पाणी टिकत नाही, हेच कोडे. बोट काढल्यावर नळी मिनिट-दीड मिनिटात रिकामी होते. भोकच ठेवले नाही तर साचलेल्या पाण्यात डास होतात. लांब नळीचा मोह टाळावा. ५० मिमी आतल्या व्यासाच्या ६० सेंमी नळीला जवळजवळ १२०० मिली पाणी लागते, आणि एप्रिलमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी पिण्याचे पाणी असे कोणी ओतणार नाही.

दुसरा प्रकार खिळीच्या लाकडी पेटीचा. झाकण आणि बाजू यांतून जाणारे ६.५ मिमीचे आडवे भोक पाडून त्यात ६ मिमी जाडीची, ३० मिमी लांबीची स्टेनलेस स्टीलची खिळी ठेवतात. भोक किंचित उतरते असल्याने खिळी निम्मी झाकणात, निम्मी बाजूत अडकून राहते. पेटी ठरावीक बाजूला कलवली की ती पूर्ण झाकणात सरकते आणि झाकण मोकळे होते. अर्ध्या मिलिमीटरची ही फट कंजूषपणे ठेवली तर खिळी पहिल्याच पावसात अडकते. बाजूतल्या टोकाला २ मिमीचे आरपार छिद्र लागतेच: हवा खेळते आणि अडकलेली खिळी तारेने ढकलता येते. मात्र उघड्या बिळासारखे भोक कुंभारमाशीला घर वाटते आणि ती ते चिखलाने लिंपून टाकते. छिद्रावर बारीक जाळी चिकटवावी.

कोडे न सुटलेला माणूस शेवटी जोर लावतो. म्हणून डब्यावर ‘जोर लावू नका’ लिहावे आणि तुटलाच तर स्वस्तातला, बदलता येणारा भाग तुटेल अशी रचना करावी. लपवण्यापूर्वी युक्ती माहीत नसलेल्या तिघांकडून डबा उघडवून घ्यावा. नोंदीसाठी पेनऐवजी पेन्सिल ठेवावी. उन्हाने शाई वाळते.

दोन्ही टोके बंद असलेला पाइप बॉम्बसारखा दिसतो. पुलाखाली, रेल्वेजवळ, देवळाच्या आवारात तो ठेवूच नये. डब्यावर ‘जिओकॅश, खेळाचा डबा’ असे मराठीत ठळक लिहावे. शेतमालकाची किंवा वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, झाडाला खिळा ठोकू नये. काळ्या मातीत डबा पुरणे जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खेळाच्या नियमांतही बसत नाही आणि जमिनीलाही मानवत नाही: पावसात ती फुगून डबा आवळते, उन्हाळ्यात भेगाळून उघडा पाडते.