पूल स्पर्धा-पद्धती, हौशी

क्यू म्हणजे काठीने गोट्या टेबलाच्या खिशांत ढकलण्याच्या पूल या खेळाच्या स्पर्धेत खेळाडूंच्या जोड्या कशा लावाव्यात, पराभूत खेळाडूला पुन्हा संधी द्यावी की नाही आणि प्रत्येक सामना किती फ्रेमचा (फ्रेम म्हणजे गोट्या मांडल्यापासून निकाल लागेपर्यंतचा एक खेळ) असावा, हे ठरविणाऱ्या नियमांच्या संचास स्पर्धा-पद्धती असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत सोळा ते बत्तीस हौशी खेळाडू, एकाच पार्लरमधील चार टेबले आणि फार तर दोन दिवस एवढ्या मर्यादेत घेता येणाऱ्या स्पर्धांचा विचार सोलापूर शहर व जिल्हा समोर ठेवून केला आहे. एट-बॉल व नाइन-बॉल या दोन्ही प्रकारांना हे विवेचन लागू पडते.

नाव व पूर्वपीठिका : ‘पूल’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आणि मुळात तो सर्वांनी मिळून लावलेल्या पैशांच्या डावाचा वाचक होता, याविषयी सामान्यतः एकमत आहे. त्या फ्रेंच शब्दाचा दुसरा अर्थ ‘कोंबडी’ असा असल्याने कोंबडी पणाला लावून खेळल्या जाणाऱ्या एखाद्या जुन्या खेळाशी त्याचा संबंध जोडला जातो. ही उपपत्ती आकर्षक असली, तरी तिच्यावर फार भार टाकता येत नाही. खेळाला हे नाव केव्हा चिकटले याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत आणि तेथे वेळ घालविण्यासाठी ठेवलेल्या टेबलांमुळे खेळालाही तेच नाव मिळाले. दुसऱ्या मतानुसार टेबलावरील खेळात सामाईक डाव लावण्याची प्रथा स्वतंत्र असून नाव तिच्यावरून आले. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय असलेला ‘लाइफ पूल’ हा खेळ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यात प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाची गोटी व तीन ‘जीव’ मिळत, गोटी खिशात गेली की एक जीव जाई व ठरलेली रक्कम द्यावी लागे आणि शेवटपर्यंत उरणारा सगळा डाव घेऊन जाई. म्हणजे पूल हे नाव ज्या खेळाने रुळविले, तो स्वतःच तिहेरी बाद पद्धतीची एक स्पर्धा होता. पराभूताला आणखी किती संधी द्यावी, हा आजच्या आयोजकाला पडणारा प्रश्न त्या खेळाने आपल्या परीने सोडविला होता, असे म्हणता येईल.

लाइफ पूलमधील रंगीत गोट्या आणि ‘पिरॅमिड’ या खेळातील पंधरा लाल गोट्या यांच्या संयोगातून जबलपूर येथे स्नूकर जन्मास आला, असे मानतात. त्यासाठी दिले जाणारे १८७५ हे वर्ष मात्र मुख्यतः नेव्हिल चेंबरलेन (ब्रिटिश पंतप्रधान नव्हेत, त्याच नावाचे सैन्याधिकारी) यांनी १९३८ मध्ये, म्हणजे सहा दशकांनंतर, प्रसिद्ध केलेल्या पत्रावर आधारलेले असल्याने ते ‘सुमारे’ या अर्थानेच घेणे योग्य.

बाद पद्धती : हरला तो बाहेर, ही सर्वांत सोपी व सर्वांत जलद पद्धत होय. खेळाडू कितीही असोत, विजेता ठरण्यासाठी त्यांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके सामने लागतात. बत्तीस खेळाडूंना एकतीस. संख्या दोनच्या घाताएवढी (८, १६, ३२ अशी) नसल्यास पहिल्या फेरीत काहींना पुढे चाल द्यावी लागते आणि ती मानांकित खेळाडूंना द्यावी की सोडतीने, यावरून भाग्यपत्रिका निघतानाच कुरबूर सुरू होते. या पद्धतीचा खरा दोष दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात आहे. ऑक्सफर्ड येथील गणिती चार्ल्स डॉजसन (मुलांसाठी लिहिताना त्यांनी लुइस कॅरल हे नाव घेतले) यांनी १८८३ मध्ये लॉन टेनिसच्या संदर्भात दाखवून दिले, की बत्तीस खेळाडूंत प्रत्येक वेळी सरस खेळाडूच जिंकतो असे धरले, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता १६/३१, म्हणजे निम्म्याहून जेमतेम अधिक असते. कारण उघड आहे. सोडतीत तो सर्वोत्तम खेळाडूच्या अर्ध्या भागात पडला, की अंतिम सामन्यापूर्वीच बाद होतो. दोघांना मानांकन देऊन विरुद्ध टोकांना ठेवल्यास हा दोष निघतो. पण हौशी स्पर्धेत मानांकन कशाच्या आधारे द्यावे, हा नवाच वाद उभा राहतो.

दुहेरी बाद पद्धती : यात पहिला पराभव झालेला खेळाडू पराभूतांच्या गटात जातो व दुसरा पराभव झाल्यावरच बाहेर पडतो. पराभूतांच्या गटातून वर आलेल्याला अंतिम लढतीत अपराजित खेळाडूला दोनदा हरवावे लागते. बत्तीस खेळाडूंना ६२ किंवा ६३ सामने लागतात. अमेरिकेतील पूलमध्ये ही पद्धत रूढ आहे आणि तिकडचे खेळ पडद्यावर पाहून शिकलेल्या आपल्याकडील तरुण खेळाडूंनाही तीच ‘खरी’ पद्धत वाटते. तिची अडचण सामन्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या क्रमात अधिक आहे. पराभूतांच्या गटात आठ फेऱ्या एकापाठोपाठ एक खेळाव्या लागतात आणि त्यांतील बऱ्याच फेऱ्या अपराजितांच्या गटातील निकालावर अडून राहतात. त्यामुळे टेबले कितीही असली, तरी एकूण दहा किंवा अकरा फेऱ्यांखाली स्पर्धा संपत नाही. शेवटच्या काही तासांत तीन टेबले रिकामी, एकावर खेळ आणि भोवती कंटाळलेले प्रेक्षक, हे दृश्य या पद्धतीचे अपत्य आहे.

साखळी पद्धती व तिची मिश्र रूपे : प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे ही न्यायाच्या दृष्टीने सर्वोत्तम, पण वेळेच्या दृष्टीने सर्वांत महाग पद्धत होय. आठ खेळाडूंना २८, तर बत्तीस खेळाडूंना ४९६ सामने लागतात. त्यामुळे पूर्ण साखळी ही आठवड्याला एक फेरी अशा संथ क्लब-लीगपुरतीच शोभते. साखळीचे वेळापत्रक मांडण्याच्या कोष्टकांना बुद्धिबळाच्या क्षेत्रात योहान बर्गर यांचे नाव मिळाले असले, तरी १८९३ च्या सुमारास ती प्रसिद्ध करताना खुद्द बर्गर यांनी त्यांचे श्रेय रिचर्ड शुरिग यांना दिले होते. शुरिग यांची मांडणी १८८६ ची आहे आणि तिच्यामागील चक्राकार रचनेचे बीज टॉमस कर्कमन यांच्या १८४७ मधील गणिती निबंधात दिसते. तेव्हा नावापेक्षा कोष्टक जुने, एवढे निश्चित म्हणता येते. १८९५ मध्ये झुरिच येथील बुद्धिबळ स्पर्धेत वापरली गेलेली स्विस पद्धत पूललाही लावता येते. तिच्यात कोणी बाद होत नाही व समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. पण बत्तीस खेळाडूंच्या पाच फेऱ्यांत ८० सामने होत असल्याने चार टेबलांना ती जड जाते.

कबड्डी व खो-खोच्या मैदानांवरून मराठी वाचकाला परिचित असलेली ‘आधी गटवार साखळी, मग बाद फेरी’ ही मिश्र पद्धत प्रस्तुत लेखकास हौशी पूलसाठी अधिक योग्य वाटते. चारचे आठ गट केल्यास प्रत्येक गटात सहा याप्रमाणे ४८ सामने, आणि प्रत्येक गटातून दोघे पुढे नेल्यास सोळा जणांच्या बाद फेरीचे १५ सामने, असे ६३ सामने होतात. दुहेरी बाद पद्धतीची कमाल संख्याही नेमकी हीच आहे. सोळा खेळाडूंच्या चार गटांतही दोन्हीकडे हिशेब ३१ वर येतो, आणि खेळाडूंची संख्या चारच्या पटीत असेल, तर हे साम्य नेहमीच टिकते. तेवढ्याच सामन्यांत येथे प्रत्येकाला दोनऐवजी तीन सामन्यांची हमी मिळते आणि फेऱ्या दहाऐवजी सातच होतात. एरवी पार्लरमध्ये फ्रेमचे पैसे हरणाऱ्याने द्यावयाचे, हा रिवाज आहे. स्पर्धेत मात्र सर्वांनी सारखेच प्रवेशशुल्क भरलेले असते, त्यामुळे पाऊण तासात घरी जावे लागलेल्याची नाराजी समजण्यासारखी आहे.

गटाची मांडणी ‘एक टेबल, एक गट’ अशी ठेवल्यास गटातील रिकामे असलेले दोघे पंच व गुणलेखक म्हणून बसू शकतात. तिघांचे प्रत्येकी दोन विजय झाल्यास जिंकलेल्या व हरलेल्या फ्रेममधील फरकावर क्रम लावतात. हा नियम स्पर्धेपूर्वी भिंतीवर लावलेला असावा, नंतर सांगितलेला नियम कोणी मानीत नाही. गटातील दोन बलवान खेळाडूंचा सामना शेवटी ठेवण्याचा प्रघात आहे. तोपर्यंत दोघेही पुढे गेलेले असल्यास तो निरर्थक ठरतो, किंवा सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम सोडलाही जातो. हे या पद्धतीचे वैगुण्य मान्य केले पाहिजे. दुहेरी बाद पद्धतीत ते नाही.

सामन्याची लांबी : जो प्रथम ठरावीक फ्रेम जिंकेल तो विजयी, या रीतीला खेळाडू ‘रेस’ म्हणतात, ‘पाचची रेस’ म्हणजे प्रथम पाच फ्रेम. पद्धतीच्या निवडीइतकाच, कदाचित अधिकच, निकालावर हिचा परिणाम होतो. एक खेळाडू दुसऱ्याविरुद्ध तीनपैकी सरासरी दोन फ्रेम जिंकतो व प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आहे असे धरल्यास, एकाच फ्रेमच्या सामन्यात तो ६७ टक्के, तीनच्या रेसमध्ये ७९, पाचच्या रेसमध्ये ८६ आणि सातच्या रेसमध्ये सुमारे ९० टक्के वेळा जिंकेल. तीनवरून पाचवर जाण्यात जेवढे मिळते, तेवढे पाचवरून सातवर जाण्यात मिळत नाही, वेळ मात्र तितकाच वाढतो. म्हणून गटात तीन किंवा चार, बाद फेरीत पाच आणि अंतिम सामन्यात सात अशी चढती लांबी ठेवणे हिताचे. ब्रेक, म्हणजे फ्रेमच्या आरंभीचा गोट्या फोडणारा फटका, मागील फ्रेमच्या विजेत्याने करावा की आळीपाळीने, यावर पार्लरमध्ये तावातावाने वाद होतात. वास्तविक प्रत्येक खेळाडूची ब्रेकवरील व ब्रेकविना जिंकण्याची शक्यता स्थिर धरल्यास दोन्ही रीतींत सामना जिंकण्याची शक्यता अगदी सारखीच येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. फरक पडतो तो गुणफलकाच्या आकारात : विजेत्याच्या ब्रेकने निकाल एकतर्फी दिसतात. पहिला ब्रेक कोणाचा, हे दोघांनी एकाच वेळी समोरच्या कुशनवर (टेबलाच्या लवचीक कडेवर) गोटी मारून ठरवावे. ज्याची गोटी परतून जवळच्या कुशनच्या अधिक निकट थांबेल, त्याला निवड मिळते.

सूट : जत्रेच्या फडात जोड पाहून कुस्ती लावतात, वजन व वकूब न जुळणारी कुस्ती पंच लावीत नाहीत. पूलमध्ये जोड टाळता येत नसल्याने दुबळ्या खेळाडूला फ्रेमची सूट देतात. वरील उदाहरणातील पाचच्या रेसमध्ये दुबळ्याला तीनच फ्रेम पुरतील असे ठरविल्यास बलवानाची शक्यता ८६ वरून ५७ टक्क्यांवर येते. आणखी एक फ्रेम सोडल्यास ती ३५ टक्के होऊन न्याय उलटा होतो. अमेरिकेतील हौशी लीगमध्ये कौशल्य-श्रेणीवरून, तर ‘फार्गोरेट’ या गुणांकनात १०० गुणांच्या फरकाला दोनास एक अशा फ्रेम जिंकण्याच्या प्रमाणावरून सूट काढतात. असे गुणांकन हाताशी नसल्यास सूट अंदाजाने ठरते, आणि आपला खेळ लपवून नाव नोंदविणारा त्याचा फायदा घेतो. म्हणून पहिल्याच स्पर्धेत सूट न देता निकाल नोंदवून ठेवावेत, हे बरे.

सोलापुरातील उपयोजन : पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट येथून, तसेच सुमारे १०० ते ११० किलोमीटरवरील विजयपूर व कलबुर्गी येथून खेळाडू यावेत अशी इच्छा असल्यास आपला सामना केव्हा हे त्यांना आधी कळणे आवश्यक असते. दुहेरी बाद पद्धतीत ते सांगता येत नाही, गटांत येते. सामन्यास पाऊण तास धरल्यास एका टेबलावरील गट साडेचार तासांत आटोपतो. म्हणून चार गट सकाळी व चार सायंकाळी घेऊन पहिला दिवस आणि सुमारे पावणेचार तासांची बाद फेरी दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी बसते. यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्याला आपल्या पाळीचा विचार करून सकाळचा किंवा सायंकाळचा गट मागता येतो. पार्लरमध्ये मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व दखनी कानी पडत असल्याने भाग्यपत्रिकेवर नावांसोबत क्रमांक असणे सोयीचे. जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस टाळावेत, कारण नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातील रस्ते अडतात. तसेच आषाढी वारीच्या सुमारास एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळविल्या जात असल्याने बाहेरगावच्या खेळाडूंना त्या आठवड्यात बोलावू नये.